तुम्ही विचारलंत म्हणून: हो, रेशनचाच

"कोणता बासमती वापरता हो?" हे माझ्या मोकळ्या भाताबद्दल मला हळदीकुंकवाला विचारून झालंय, सोसायटीच्या गच्चीवर पापड वाळवताना विचारून झालंय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत विचारून झालंय. उत्तर द्यायला तोंड उघडावं तोवर पुढचा प्रश्न येतो, "आणि शिट्ट्या किती?" बासमती नाही आणि शिट्ट्याही नाहीत. एकदा लिहूनच टाकते.

तांदूळ रेशनचा. प्राधान्य यादीतल्या केशरी कार्डावर माणशी पाच किलो धान्य मिळतं, त्यातला. आणला तसा शिजवला तर गिचका होतो, हे तुमचं म्हणणं अगदी खरं. म्हणून मी तो आणल्या आणल्या शिजवतच नाही. निवडून, चाळून कणी वेगळी काढते (तिची धिरडी होतात, कणी भातात राहिली की तीच आधी विरघळते आणि बाकीच्यांना चिकटवते), आणि कडुलिंबाचा वाळका पाला घालून पत्र्याच्या डब्यात वर्षभर ठेवून देते. जुना तांदूळ पाणी जास्त पितो पण फुटत नाही, पेज कमी सोडतो. चांगला बासमतीही असाच जुना करून विकतात, आणि त्याचे पैसे लावतात. मी ते पैसे वाचवते, एवढंच. बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत तांदळाचे डबे कुठे ठेवायचे हा प्रश्न तुम्ही कधी विचारत नाही. पलंगाखाली.

धुताना चोळायचा नाही. आणि पाणी ओतताना बघायचं, कारण वर तरंगणारे थोडे वेगळ्या रंगाचे दाणे वाहून जातात. ते प्लॅस्टिकचे नसतात! तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून केलेले दाणे असतात, शंभर दाण्यांत साधारण एक या प्रमाणात. याच कारणासाठी मी भात वेळत नाही, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी गाळून टाकत नाही. वेळला की मोकळा होतो, कबूल, पण दाण्यातलं जे काही असतं ते पाण्याबरोबर निघून जातं.

वीस मिनिटं भिजवायचा, मग रोळीत अर्धा तास निथळू द्यायचा. ही पायरी सगळ्या जणी गाळतात आणि मग मला फोन करतात. चमचाभर तेलावर तमालपत्र, दोन लवंगा, तांदूळ परतायचा. दाणे पातेल्यात खुळखुळायला लागले की शेजारच्या गॅसवरचं उकळतं आधण ओतायचं. जुन्याला वाटीस दोन वाट्या, नव्याला पावणेदोनसुद्धा जास्त होतात. मीठ, लिंबाचे चार थेंब. पाणी तांदळाच्या पातळीला आलं, वर भोकं दिसायला लागली, की पातेल्याखाली तवा, वर झाकण, झाकणावर खलबत्ता. दहा मिनिटं मंद. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. मग उलथन्याच्या कडेने कडेकडेने मोकळा करायचा. पळी घातलीत तर मला सांगू नका.

आमच्या मजल्यावरच्या एका आजोबांचं म्हणणं, पुण्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं म्हणून इथला भात वेगळा. पाण्याचं खरं आहे, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत. पण दोन अंशांनी फार तर मिनिटभर इकडेतिकडे होतं. पुणेकराने अभिमान बाळगावा एवढं त्यात काही नाही.

वासाचं गुपित म्हणाल तर खिडकीतल्या कुंडीत आहे. आंबेमोहोराचं पान, म्हणजे पँडन (त्या नावाच्या तांदळाचं पान नव्हे, हे रोप वेगळं). आंबेमोहोर, बासमती आणि हे पान, तिघांच्या वासामागचं मुख्य द्रव्य एकच आहे. एक पान गाठ मारून आधणात टाकायचं, भात झाला की काढायचं. रोप एकदा कुणाकडून तरी मागून आणायचं, मग फुकट. आणि कृपा करून "इंद्रायणी का नाही घेत?" म्हणू नका. इंद्रायणी आपल्या वडगाव मावळची, १९८७ सालची, आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांची लेक. वरणभाताला तिच्यासारखी नाही. पण ती मऊ, एकमेकीला धरून राहणारी. तिचा मसालेभात मोकळा व्हावा म्हणून हट्ट धरणं हा तिच्यावर अन्याय आहे.

इतकं सगळं मी तोंडाने का सांगत नाही? त्याला भाचीचं केळवण कारणीभूत आहे.

केळवण माझ्याकडे होतं. भाऊ, वहिनी, वहिनीच्या माहेरची मंडळी. मसालेभात मीच केला, तोंडली, काजू, घरचा गोडा मसाला. तोंडली पाणी सोडतात म्हणून आधण वाटीभर कमी घातलं होतं. वर ओलं खोबरं, कोथिंबीर. भात असा उतरला होता की वाढताना शीत शीत सुटत होतं. वहिनीच्या माहेरच्या एक काकू दुसऱ्यांदा वाढून घेता घेता म्हणाल्या, "बासमती कुठला हो? मार्केट यार्डातून आणता का?" मी म्हटलं, "रेशनचा आहे."

त्यांचा हात थांबला. शेजारच्या बाईंकडे बघून म्हणाल्या, "तरीच जरा जाड लागत होता." मग भात बोटांनी ताटाच्या कडेला सरकवत, "त्यात प्लॅस्टिकचे दाणे असतात म्हणे." मी लोह, बी-१२ वगैरे सांगायच्या तयारीत होते, तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून मोठ्याने हसली. "अहो, ताई थट्टा करतात! बासमतीच आहे."

आणि काकूंनी तोच भात पुन्हा जवळ ओढला. "तरीच म्हटलं, वास कसा सुटलाय!"

मी काही बोलले नाही. पंगतीत भाची होती, ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिला वांग्याची भाजी वाढली. निघताना वहिनीने माझा हात धरला, "तुमच्यासाठीच बोलले हो, ताई." ती खरंच माझ्यासाठी बोलली होती. तेच गिळवत नाही. तिने मला लपवण्यासारखं काहीतरी दिलं, जे तोवर माझ्याकडे नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मी स्वतःशी भांडले. तेव्हाची मी म्हणते, खरं तेच बोलले. आताची मी विचारते, काकूंनी गाव विचारलं होतं, तू भाव का सांगितलास? "कोलम आहे, जुना" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? "रेशनचा" म्हणताना आवाजात जी धार होती ती खरेपणाची नव्हती, मिरवण्याची होती. बघा, इतक्या कमी पैशांत तुमच्या तोंडाला पाणी आणलं. त्यावर तेव्हाची मी म्हणते, मग? इतर लोक महाग तांदूळ मिरवतात, मी स्वस्त मिरवला. दोघी आपापल्या जागी ठाम आहेत.

शिवाय एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. बासमती शिजल्यावर जवळजवळ दुप्पट लांब होतो, तसा माझा होत नाही. मोकळेपणा आणता येतो, वास आणता येतो, लांबी नाही आणता येत. काकूंना तो जाड लागला असेलही. "रेशनचा" हे ऐकण्याआधी का लागला नाही, एवढंच माझं विचारणं.

दिवाळीला भाची नवऱ्यासह जेवायला यायची आहे, आणि तिच्या सासूबाईही. पलंगाखालचा डबा वर्षाचा झालाय, अगदी तयार आहे. तरी परवा मी दोन किलो बासमती आणून ठेवला. नवरा म्हणाला, "पैसे जास्त झालेत का?" मी म्हटलं, असू दे घरात.