तुम्ही विचारलंत म्हणून: सोपा केला की बिघडवला?

'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतले व्हिडिओ गेम दर भागात सोपे होत गेले, ती सुधारणा की बिघाड, हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. जुने खेळाडू विचारतात तेव्हा त्यांना फक्त माझा होकार हवा असतो. 'मोरोविंड'मध्ये 27 स्किल्स, म्हणजे कॅरॅक्टरची वाढवता येणारी कौशल्यं, होती, 'ऑब्लिव्हियन'मध्ये 21 राहिली, 'स्कायरिम'मध्ये 18. म्हणजे दर सीक्वेलला गेम पातळ होत गेला, खरं की नाही? 'स्कायरिम'पासून सुरुवात केलेल्यांचा सूर वेगळा असतो. तुम्हाला त्रास झाला म्हणून आम्हीही तो सोसायचा का? माझं उत्तर दोघांनाही आवडत नाही आणि दर वेळी ते अर्ध्यावर तोडलं जातं. आज पूर्ण सांगते.

आकडे बरोबर आहेत. ताकद, चपळाई, नशीब वगैरे अंगच्या क्षमता मोजणारी आठ अ‍ॅट्रिब्यूट्स 2002 च्या 'मोरोविंड'मध्ये होती, 2006 च्या 'ऑब्लिव्हियन'मध्येही होती. 2011 च्या 'स्कायरिम'मध्ये ती गेली आणि आरोग्य, जादूची शक्ती आणि दम एवढंच उरलं. स्वतःचे मंत्र बनवायची सोय गेली. हवेत तरंगायची जादू तर त्याच्या आधीच गेली होती. या यादीशी माझं भांडण नाही. यादी वाचून निकाल देण्याशी आहे.

'ऑब्लिव्हियन'मध्ये मी मन लावून बनवलेलं कॅरॅक्टर म्हणजे एक बोलघेवडी बाई होती. सुरुवातीला सात मुख्य स्किल्स निवडायची असतात. मी संभाषण, सौदेबाजी, औषधं बनवणं, कुलपं उघडणं, लपून चालणं, धावणं आणि उड्या मारणं ही निवडली. गेमनं मुकाट्यानं मान्य केलं. 'बाई, लढणार कशानं?' असं एका शब्दानं विचारलं नाही.

मुख्य स्किल्स मिळून दहा वेळा वाढली की एक लेव्हल वर. औषधं बनवणं झपाट्यानं वाढतं. दिसेल ते झुडूप खुडायचं आणि एकात एक मिसळत सुटायचं. उड्या तर रस्त्यानं जाता जाताही मारता येतात. लोकांना पटवायचं म्हणजे तारीफ, बढाई, विनोद आणि धमकी यांची ती चकती फिरवायची (इतका हास्यास्पद मिनीगेम मी दुसरा पाहिला नाही, आणि मला तो मनापासून आवडायचा). अशा रीतीनं माझी बाई कुणाला ओरखडाही न काढता लेव्हलमागून लेव्हल चढत गेली. आणि या गेममध्ये जग तुमच्याबरोबर चढतं, म्हणजे शत्रूही बळकट होत जातात. लेव्हल तलवारीनं मिळवली की पाला कुटून, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

क्वाच शहराच्या वेशीवरचं, राक्षसांच्या जगात नेणारं ते जळतं दार हे कथेतलं पहिलं मोठं काम. मी तिथे उशिरा पोचले, कारण तोवर मजेत फिरत होते. आत मगरीच्या तोंडाचे डेड्रॉथ नावाचे राक्षस उभे होते. माझा खंजीर त्यांना बोचतही नव्हता, आणि त्यांच्याशी सौदा करता येत नाही. मेले. पुन्हा लोड, पुन्हा मेले. बाहेर पळावं तर रस्त्यावरचा लुटारू काचेचं लखलखीत चिलखत घालून आडवा येतो आणि 100 नाणी मागतो. अरे, ते चिलखत विक ना! कितीतरी जास्त मिळतील! हा विनोद आता सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मला हसू येत नव्हतं, कारण इतके दिवस सांभाळलेलं कॅरॅक्टर निकामी झालं होतं आणि का झालं हेही कळत नव्हतं.

मग मी हिशेब शिकले. लेव्हल वाढताना तीन अ‍ॅट्रिब्यूट्स वाढवता येतात, पण किती, ते त्या-त्या अ‍ॅट्रिब्यूटखालची स्किल्स मधल्या काळात किती वेळा वाढली यावर ठरतं. दहा वेळा वाढली तर पाच गुण. शिवाय प्रत्येक लेव्हलला आरोग्यात पडणारी भर त्या वेळच्या सहनशक्तीच्या एक दशांश असते आणि मागचं नंतर भरून मिळत नाही, म्हणून सहनशक्ती आधी वाढवायची. या सगळ्यातून निघणारी शहाणी पद्धत अशी: जे करायचंच नाही ते मुख्य म्हणून निवडा, म्हणजे लेव्हल तुमच्या मर्जीशिवाय वाढणार नाही. मी वही केली, रकाने आखले. सहनशक्ती वाढावी म्हणून नवी बाई गुहेच्या कोपऱ्यात ढाल धरून उभी, समोर एक उंदीर तिला चावतोय, आणि मी वहीत रेघा मारतेय. ती अजिंक्य झाली. त्या संपूर्ण खेळातलं एकही माणूस मला आज आठवत नाही. रकाने आठवतात.

इथे कुणीतरी म्हणतंच: वही घेऊन बसायला सांगितलं कुणी, अवघडपणाचा स्लायडर खाली ओढायचा! ऐकलंय. ज्या व्यवस्थेत आवडीचं काम केल्यानं तुम्ही दुबळे होता, तिथे स्लायडर ओढणं म्हणजे ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकणं. पण खरं सांगायचं तर वही मला आवडायची. ते आकडे जुळण्यात एक सुख होतं, आणि 'स्कायरिम'मध्ये अ‍ॅट्रिब्यूट्स नाहीत हे कळलं तेव्हा मी चिडून ज्याला त्याला सांगत सुटले होते की आता हे पोरांचं खेळणं झालं. त्या वेळच्या मला गुंतागुंत आणि खोली एकच वाटायची. 'स्कायरिम'मध्ये जे वापराल ते वाढतं, लेव्हलला एक पर्क, म्हणजे एखादी खास क्षमता, घ्या, चालू लागा. वही गेली आणि मला पुन्हा झाडं दिसू लागली. ही सुधारणाच होती, आणि जुन्या खेळाडूंना हे मी तोंडावर सांगते.

आता नव्यांनी ऐकावं. त्याच 'स्कायरिम'मध्ये मी विंटरहोल्डच्या जादूच्या विद्यालयाची मुख्य जादूगार झाले, मोजके मंत्र टाकून. बाकी सगळं कुऱ्हाडीनं. कुणी हटकलं नाही. 'मोरोविंड'च्या गिल्डमध्ये, म्हणजे संघटनेत, बढती मागायला गेलात तर ठरावीक स्किल्स ठरावीक आकड्यापर्यंत नसली की परत पाठवतात. तिथल्या तीन घराण्यांपैकी एकात गेलात की बाकीच्या दोघांत प्रवेश नाही. त्यातल्या तेलवान्नी घराण्याच्या जादूगारांच्या मनोऱ्यांना वर जायला जिने नाहीत; तरंगता येत नसेल त्यानं भेटायला येऊच नये. कथेला हवा असलेला माणूस मारलात तर गेम सांगतो की भविष्यवाणीचा धागा तुटला, आणि वाटलं तर त्या बुडालेल्या जगात तुम्हाला पुढे खेळू देतो. 'ऑब्लिव्हियन'मध्ये असा माणूस बेशुद्ध पडतो आणि अंग झटकून उठतो.

म्हणून स्किल्स किती उरली हे मी मोजत बसत नाही. गेमला अजून 'नाही' म्हणता येतं का, एवढं बघते. 'द विचर 3' या दुसऱ्या मालिकेतल्या गेममध्ये औषध एकदा बनवलं की पुरतं; जवळ मद्य असेल तर ध्यान लावल्यावर बाटल्या आपोआप भरतात. वेचावेच संपली, पण अंगात औषधांचं विष किती साठू द्यायचं ही मर्यादा राहिली. उत्तम सोपेपणा. उलट 2003 च्या 'डेउस एक्स: इनव्हिजिबल वॉर'नं सगळ्या बंदुकांना एकच दारूगोळा दिला. आता कुठल्या बंदुकीच्या गोळ्या राखायच्या हा विचारच संपला, आणि संपल्या की सगळ्या एकदम संपल्या.

यावर जुनी मी विचारते: गिल्डनं तुला अडवलं ते आकड्यांच्याच जोरावर ना? मग आकडे काढल्यावर नकार टिकेल कसा? बरं, 'स्कायरिम'मध्येही 18 स्किल्सचे आकडे होतेच, विद्यालयाला विचारता आलं असतं; विचारावंसं वाटलं नाही, इतकंच. ती गप्प बसत नाही. म्हणते, इतकी वर्षं हिशेब काढून टाकायची सवय लागल्यावर अडवायची इच्छा तरी कुठून राहणार? याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

2025 मध्ये 'ऑब्लिव्हियन' नव्या रूपात आला. आता लेव्हलला 12 गुण मिळतात, तीन अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये वाटून टाका, मधल्या काळात काय वाढलं ते कुणी मोजत नाही. शत्रू मात्र अजूनही तुमच्याबरोबर वाढतात. म्हणजे माझ्या पहिल्या बाईला ज्यानं मारलं ते तसंच ठेवलं, आणि वही तेवढी काढून घेतली. वही जावी असं मीच म्हणत आले होते. तरी पहिल्यांदा ते 12 गुण वाटून बटण दाबलं तेव्हा मला चुकचुकल्यासारखं झालं, आणि ते कशानं, हे वरच्या एवढ्या बडबडीतून मला अजून काढता आलेलं नाही.