तो प्रकाश नेमका कुणाचा?

आज एका लहान मुलीला गॅमा किरणांचा वेध घेणाऱ्या चेरेंकोव्ह दुर्बिणीच्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र दाखवत होतो. काळ्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या दाण्यासारखा एक तिरका, तेजस्वी ठिपका. "हा क्रॅब तेजोमेघाकडून, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाकडून आलेला अतिऊर्जावान गॅमा किरण," असे म्हणून तो हवेतच कसा संपतो, हेही मी सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग हा प्रकाश त्याचा नाहीच. आपल्या हवेचा आहे."

ते वाक्य अजून मनातून जात नाही, कारण ते अक्षरशः खरे आहे. सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे प्रवास करून आलेला किरण वातावरणात शिरून इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जोडीदार पॉझिट्रॉन यांच्या जोडीत विरतो, त्यातून कणांचा वर्षाव सुरू होतो, आणि हवेतील प्रकाशाच्या वेगालाही मागे टाकणारे ते कण साधारण १० किलोमीटर उंचीवर जी निळसर चमक (चेरेंकोव्ह प्रकाश) सोडतात, ती जमिनीवर अवघे काही नॅनोसेकंद टिकते.

२००८ पासून अंतराळात असलेली फर्मी दुर्बीण मूळ किरणच पकडते. पण टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे, म्हणजे प्रचंड ऊर्जेचे क्रॅबचे किरण एका चौरस मीटरवर वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा पडतात; अंतराळातल्या लहानशा उपकरणाला ते पुरत नाहीत. त्या चमकेचे वर्तुळ मात्र जमिनीवर सुमारे २५० मीटर रुंद पसरते, म्हणून हवेलाच उपकरण करावे लागले. १९८९ मध्ये व्हिपल वेधशाळेच्या १० मीटर दुर्बिणीला क्रॅबचे असे किरण याच मार्गाने सापडले.

उद्या तिला सांगणार आहे की तिचेच बरोबर होते. पण मग "आम्ही क्रॅब पाहिला" असे म्हणताना आपण नक्की काय पाहिलेले असते?