पोटभर जेवून वजन उतरवायचं, तर आधी तेल मोजा

वजन कमी करायला निघालेली बरीच माणसं पहिल्याच दिवशी ताटातलं अन्न निम्मं करतात. आठ-दहा दिवस निभतं, मग रात्री अकराला बिस्किटांचा पुडा फुटतो. यात मनाचा कच्चेपणा नसतो. अन्नाने जठर किती ताणलं गेलं ते तिथल्या चेतातंतूंना लगेच कळतं. त्यात कॅलरी किती होत्या याचा अंदाज शरीराला नंतर, आतड्यांकडून येतो. म्हणून ताटाचं वजन तेवढंच ठेवायचं आणि दर ग्रॅममागच्या कॅलरी उतरवायच्या.

हा आकडा काढायला पाकिटावरच्या १०० ग्रॅममागच्या कॅलरींना १०० ने भागा. आकडा किलोज्यूलमध्ये असेल तर आधी ४.२ ने भागा. काकडी साधारण ०.१५, कोबी ०.२५, सफरचंद ०.५, उकडलेला बटाटा ०.९, शिजलेली मसूर १.२, शिजलेला भात १.३. पाव २.६ वर जातो, कारण त्यात पाणी कमी. पुढे चीज ४, बटाट्याचे तळलेले वेफर्स ५.३, शेंगदाणे ५.७ आणि तेल जवळजवळ ९. सगळा खेळ पाणी आणि स्निग्धांशाचा आहे: पाण्यात शून्य कॅलरी, पिष्ट आणि प्रथिनांत ग्रॅमला ४, स्निग्धात ९. द्राक्षं ०.७ आणि बेदाणे ३, फळ एकच, फक्त पाणी उडालं. दीडच्या खालच्या पदार्थांनी पोट भरावं, चारच्या वरचे चमच्याने मोजून घ्यावेत.

बटाट्याची बदनामी मात्र मला पटत नाही. सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट यांनी १९९५ साली ३८ पदार्थ तपासले. प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा खायला देऊन दोन तास भूक नोंदवली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, सगळ्यांत जास्त. क्रोसाँ या लोणीदार फ्रेंच पावाला ४७. बटाटा तळला की गणित पालटतं, कारण पाणी बाहेर पडतं आणि त्याची जागा तेल घेतं.

आता एक जेवण मोजू. ३०० ग्रॅम भात (३९०) आणि १०० ग्रॅम कोबी प्रत्येकी १५ मिलीच्या दोन चमचे तेलात परतलेली (२६५): एकूण ६५५ कॅलरी. त्याऐवजी १५० ग्रॅम भात (१९५), २०० ग्रॅम कोबी ५ मिली तेलात (९०) आणि १०० ग्रॅम शिजलेली मसूर (११६) घेतली तर ४०१. ताट उलट जड झालं, ४५० ग्रॅम. अडीचशे कॅलरी वाचल्या आणि त्यातल्या दोनशे नुसत्या तेलाच्या.

घोळ होतो तो इथेच. भाजी वाढवली म्हणून लोक निश्चिंत होतात आणि तेल बाटलीतून थेट ओततात. ५ मिलीचा सपाट चमचा म्हणजे ४० कॅलरी, १५ मिलीचा म्हणजे १२०. कांदा कमी तेलात करपतो म्हणून तेल वाढवू नका. दोन चमचे पाणी घालून झाकण ठेवा, मऊ झाल्यावर उघडून परता. मश्रूम कोरड्या तव्यावर टाका, ते स्वतःचं पाणी सोडतात. वांगं स्पंजासारखं तेल पितं, तेव्हा आधी वाफवा किंवा भाजा. सॅलडवरचं मेयोनीज तर तेलाचंच दुसरं रूप, त्याऐवजी घट्ट दही आणि लिंबू घाला.

पाण्याचाही नेम आहे. पाणी अन्नात शिजलेलं असेल तर भूक जास्त कमी होते. तेवढंच पाणी ग्लासातून सोबत प्यायलं तर तो परिणाम दिसत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या प्रयोगांत हे दिसलं. म्हणून जेवणाआधी १५ मिनिटं २५०-३०० मिली भाज्यांचं सूप घ्या, लोणी-साय न घालता, शंभर कॅलरींच्या आत. रस मात्र सूपाची जागा घेत नाही: चार संत्र्यांचा रस मिनिटात संपतो, चार संत्री चावून खाताना तुम्ही दुसऱ्यावरच थांबाल.

दुसरी चूक म्हणजे नेहमीच्या ताटात सॅलडची भर घालणं. वाटीभर भाजी आली की वाटीभर दुसरं काही निघालं पाहिजे, नाहीतर बेरीज वाढतेच. तिसरी चूक उलट टोकाची: नुसती काकडी-टोमॅटो. पोट ताणलं जातं पण दोन तासांत रिकामं होतं, कारण प्रथिनं नाहीत. जेवणात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. दोन अंड्यांतून साधारण १२, १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरीतून ९ मिळतात. तेलही शून्यावर आणू नका. अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वं शोषायला थोडं लागतंच.

चोथा एकदम वाढवला की पोट फुगतं. डाळी-कडधान्यं आणि कोबी दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा. पहिल्या आठवड्यात काट्यावर वजन किंचित वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, आतड्यांत जास्त अन्न आणि पाणी असतं, ती चरबी नव्हे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर भात-पाव कमी करण्याआधी डॉक्टरांशी डोस बोला. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण अचानक बदलू नये.

घरात भूक मंदावलेलं म्हातारं माणूस असेल, तर त्याला तुमच्या ताटातलं वाढू नका. चार घासांत पोट भरणाऱ्याला पातळ सूप देणं म्हणजे उपाशी ठेवणं. त्याच्या वाटीत हेच गणित उलटं चालवा: दोन चमचे लोणी, बारीक केलेले शेंगदाणे, वर किसलेलं चीज.