एकच डोंगर, दोन कागद

आज वाईजवळ पांडवगड समोर धरून बसले. श्रावणातला. वैशाखात काढलेलं चित्र सोबत नेलं होतं, आई गेली त्यानंतरचं. नुसता बर्न्ट सिएना, भाजक्या मातीसारखा तांबूस तपकिरी रंग, कोरडा ब्रश खरखरीत कागदावरून ओढलेला, मधेमधे पांढरा कागद तसाच उघडा. तेव्हा पाण्याला हात लावावासाच वाटला नव्हता.

आज हवेत इतका ओलावा, की पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, अर्धा तास झाला तरी वाळेना. सॅप ग्रीन ढगाच्या करड्यात आपसूक उतरत गेला आणि मी त्याला अडवलं नाही. कितीतरी दिवसांनी असं मोकळं वाटलं. कातळाची काळी रेघ तेवढी दोन्हीकडे सारखीच आलीय.

मग सर आली. कागद ओढणीखाली घेतला, तरी कोपऱ्यात चार थेंब पडलेच. ते तसेच ठेवणार आहे. आईला श्रावण फार आवडायचा.