तुम्ही विचारलंत म्हणून: गाठ साधी होती तर ऑपरेशन कशाला केलं?

"कॅन्सर नव्हता ना, मग डोळ्याच्या मागे हात कशाला लावू दिलास?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

माझ्या उजव्या डोळ्यामागे कॅव्हर्नस हिमँजिओमा होता, म्हणजे रक्त भरलेल्या बारीक बारीक पोकळ्यांची गाठ. मोठ्या माणसांत डोळ्याच्या खोबणीत होणाऱ्या साध्या गाठींमधली ही सगळ्यात कॉमन, बहुतेक चाळिशी-पन्नाशीत सापडते आणि बायकांत जास्त. पसरत नाही, दुखत नाही, हळूहळू वाढते. पण खोबणी म्हणजे हाडाची डबी हो, जेमतेम ३० मिलिलिटरची, त्यात डोळा, स्नायू, चरबी, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नजरेची नस सगळं दाटीवाटीने बसलेलं, मग गाठ वाढली की डोळा पुढे येतो नाहीतर नस दाबली जाते.

माझं आधी चष्म्यावर निघालं. एकाच डोळ्याचा प्लस नंबर वाढत होता, मला वाटलं वय झालं, पण गाठ मागून डोळ्याच्या गोळ्याला रेटत होती, त्यामुळे डोळा मागून चपटा होऊन त्याची लांबी कमी होत होती. मग एक दिवस मान न वळवता नुसती नजर बाजूला नेली आणि उजव्या डोळ्यापुढे अंधारलं, समोर बघितलं की परत दिसायला लागलं. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. डॉक्टरांनी बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्याला दाखवलं, डाव्याला लालभडक आणि उजव्याला विटकरी, धुतल्यासारखं. नस दाबली जातेय याची ती खूण. एमआरआयमध्ये गाठ अगदी गोल, कडा स्वच्छ, नसेला टेकलेली.

म्हणून ऑपरेशन. दुसऱ्या कारणासाठी स्कॅन केला आणि अशी गाठ दिसली पण नजर ठीक आहे, तर बरेचदा नुसतं लक्ष ठेवतात, फील्ड टेस्ट (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी) आणि ठराविक काळाने स्कॅन, तेव्हा माझं ऐकून कोणी घाईने सर्जन गाठू नका. माझ्यात कानशिलाच्या बाजूने हाड उघडून काढली, गाठीला स्वतःचं आवरण असतं म्हणून अख्खी निघाली.

नंबर बराच उतरला, बाजूला बघितल्यावर अंधार येत नाही. लाल रंग मात्र उजव्या डोळ्याला अजून थोडा फिकाच दिसतो, नस खूप दिवस दाबलेली होती ना. ते झाकण मी ठेवून घेतलंय, अधूनमधून एकेक डोळा झाकून बघते.