न्यूटला असं का मारलं?

‘एलियन’ आणि ‘एलियन्स’ पाहून झाले, आता तिसरा बघू का, असं मला बरेच जण विचारतात. ‘एलियन ३’चं नाव निघालं की माझा आवाज चढतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: एवढा राग कशाचा? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कथा आधी कळायला नको असेल, तर पुढचं वाचू नका.

जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’मध्ये (१९८६) परग्रहावरची सगळी वसाहत संपल्यावर एकटीच जिवंत राहिलेली न्यूट नावाची मुलगी या मालिकेची नायिका रिप्ली हिला सापडते. शेवटी अणुभट्टी फुटायच्या बेतात असताना रिप्ली त्या पोरीसाठी एकटी परत खाली उतरते. त्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत कळतं की, रिप्ली ५७ वर्षं अंतराळात झोपून होती तेव्हा तिची स्वतःची लेक म्हातारी होऊन वारली. म्हणून न्यूट तिला मिठी मारून ‘मॉमी’ म्हणते, तेव्हा घशात आवंढा येतो.

डेव्हिड फिंचरचा ‘एलियन ३’ (१९९२) सुरू होतो आणि श्रेयनामावली संपेपर्यंत न्यूट मेलेली असते. झोपेच्या कुपीतच बुडून. ‘एलियन्स’मधून त्यांच्यासोबत वाचलेला सैनिक हिक्सही गेला. जिच्यासाठी आपण जीव मुठीत धरून बसलो होतो, तिला नावांच्या पाट्यांमधल्या फटीत उरकून टाकलं.

मरणाबद्दल माझी तक्रार नाही. पहिल्या चित्रपटातही रिप्ली सोडून जहाजावरची सगळी माणसं जातात, पण ती त्या कथेत जातात. इथे न्यूटला कथा सुरू होण्याआधीच वाटेतून बाजूला केलंय. ‘टर्मिनेटर: डार्क फेट’ने (२०१९) आधीच्या भागांत जिवापाड वाचवलेल्या जॉन कॉनरचं हेच केलं, तेही कॅमेरॉन निर्माता असताना. त्याचं मला फार वाईट वाटलं.

आणि तरीही याच चित्रपटात शवविच्छेदनाचा प्रसंग आहे. माणसाच्या छातीत वाढून ती फोडून बाहेर येणारा तो परग्रहावरचा प्राणी न्यूटच्या छातीत असेल, या भीतीने रिप्ली डॉक्टरला शव उघडायला लावते आणि कारण सांगते कॉलऱ्याचं. रिप्ली साकारणाऱ्या सिगर्नी वीव्हरचा चेहरा बघा. आपल्या लेकरावर सुरी चालताना ती तिथे उभी राहते, हलत नाही. पटकथेने न्यूटला जे दिलं नाही, ते वीव्हरने त्या काही मिनिटांत दिलं.

दोष फिंचरला देऊ नका. त्याचा हा पहिलाच चित्रपट. त्याच्या आधी दिग्दर्शक व्हिन्सेंट वॉर्डने लाकडी ग्रहावर राहणाऱ्या साधूंची कथा रचली होती. तो बाहेर पडल्यावर साधूंचे कैदी झाले, मठाचा तुरुंग झाला. पटकथा पक्की नसतानाच चित्रीकरण सुरू झालं. याच माणसाने १९९५ मध्ये ‘सेव्हन’ केला, म्हणजे कुवत कमी नव्हती. माझा राग आहे तो कथा हातात नसताना चित्रपट रेटणाऱ्यांवर.

तर, बघायचाच असेल तर २००३ ची ‘असेंब्ली कट’ ही वाढीव आवृत्ती बघा. फिंचरने त्यात हात घातला नाही, पण ती साधारण अर्ध्या तासाने मोठी आहे आणि कैदी त्यात माणसं वाटतात. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत गॉलिक हा कैदी मध्येच गायब होतो. इथे कळतं की कोंडलेल्या प्राण्याला त्यानेच मोकळं सोडलं. फक्त ‘एलियन्स’ संपल्या संपल्या लावू नका, मध्ये काही महिने जाऊ द्या.