रुमालाखालचा भाव आणि घड्याळातला भाव

आमच्या मामांची देवगडला हापूसची बाग आहे. लहानपणी मे महिन्यात गिरगावातल्या आमच्या खोलीत पलंगाखाली पेंढ्यात आंबे पिकत आणि चाळीच्या जिन्यापर्यंत वास जाई. मला त्या आंब्यांइतकीच मामांच्या खिशातली पट्टी आठवते. दलालाकडून आलेला पातळ कागद. वर पेट्या किती आणि भाव काय, खाली भाडं, हमाली, तोलाई, आडत म्हणजे दलाली, आणि शेवटी पावसाळ्यात घेतलेली उचल वजा. तळाच्या आकड्यावर बोट ठेवून मामा बराच वेळ बसायचे.

तो भाव कसा ठरला हे त्यांना कधी कळायचं नाही. घाऊक बाजारात दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत आणि त्यातून सौदा ठरे. बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही काही कळत नसे, मग देवगडात बसलेल्याला कुठून कळणार?

मी नेदरलँड्समध्ये आले ते २०१४ साली. त्याच वर्षी १ मेपासून युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली. आंब्याबरोबर कारली, पडवळ, वांगी आणि अळूसुद्धा. आदल्या वर्षी भारतातून आलेल्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. मामांनी फोनवर विचारलं, "आमच्या आंब्याक काय झाला गो?" त्यांच्या बागेतला एकही आंबा परदेशी जात नव्हता, तरी त्यांना ते जिव्हारी लागलं. आंब्यावरची बंदी २०१५च्या सुरुवातीला उठली. मधल्या काळात मला एक गोष्ट उमगली: पिकवणारा जिथे कधी पोचत नाही, तिथे त्याच्या मालाचं काय व्हायचं ते ठरतं.

म्हणूनच ब्रुक ऑप लांगेडाइक हे गाव मला एवढं भावलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेला, पाण्याने वेढलेल्या छोट्या छोट्या शेतांचा हा मुलूख. शेतकरी कोबी-फ्लॉवर होडीत भरून आणत आणि व्यापारी काठावर घासाघीस करत. १८८७ साली तिथे पहिल्यांदा भाजीचा लिलाव झाला. पुढे लिलावघर बांधलं, तेही असं की भरलेली होडी थेट आत शिरावी. आता तिथे संग्रहालय आहे. बाकांवर बसायचं, समोर भलंमोठं घड्याळ. काटा चढ्या भावापासून सुरू होतो आणि खाली खाली येतो. ज्याला माल हवा त्याने बटण दाबायचं. पहिला दाबेल त्याचा माल. थांबलात तर स्वस्त मिळेल, पण दुसरा कोणी दाबून मोकळा होईल. मी फ्लॉवरसाठी बटणावर बोट ठेवून बसले होते, तेव्हा मला मामांचं पट्टीवरचं बोट आठवलं.

अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या आल्समेरला फुलांचा बाजारही याच तत्त्वावर उभा राहिला, आणि तो चालवणारी संस्था फुलं पिकवणाऱ्यांचीच सहकारी संस्था आहे. सगळं गोड आहे असं नाही. इथली भाजी आता बहुतेक थेट सुपरमार्केटच्या करारांवर जाते, फुलांचाही मोठा वाटा घड्याळाबाहेर विकला जातो आणि मोठ्या खरेदीदारांपुढे इथला शेतकरीही दबतो. पण घड्याळावर विकलेल्या मालाचा भाव सगळ्यांना दिसतो. आपल्याकडेही बदल झाले. २०१६ साली महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. मामांसारख्यांसाठी ती मोठी गोष्ट होती.

गेल्या मे महिन्यात मी गिरगावात होते. मामा पेट्या घेऊन आले होते. मी त्यांना फोनवर घड्याळाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा पाहिला.

"काटो कोण फिरवता?"

"कोणी नाही मामा, आपोआप खाली येतो."

"आणि चांगलो आंबो असलो तर कोण वाट बघूचो नाय!" ते खरंच खूश झाले. मग हळूच विचारलं, "पिकवणारो तेव्हा थंयच असता?"

पूर्वी होडीत बसलेला असायचा, असं मी सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. पलंगाखालचा पेंढा बाजूला करून त्यांनी एक एक आंबा देठाशी हुंगायला सुरुवात केली. यंदा त्यांनी निम्म्या पेट्या दलालाकडे न पाठवता दादर-परळच्या सोसायट्यांमध्ये थेट दिल्या. प्रत्येक पेटीवर निळ्या शाईने डझन, बागेचं गाव आणि भाव, तिन्ही त्यांच्याच अक्षरात.